नाळे बा

“काचनळ्या? अक्का, त्या यायच्या बंद होऊन पंधरा वर्सं झाली की!”

कर्नाटकातल्या आळंदच्या बाजारातलं हे चौथं दुकान. मनीषाच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं तोरण होतं, तिच्या आईने केलेलं. बारीक काचेच्या नळ्या दोऱ्यात ओवून विणलेले दोन पोपट आणि मध्ये ‘सुस्वागतम्’. त्यातला ‘सु’ केव्हाच गळून गेला होता, आणि उजव्या पोपटाला शेपूट राहिली नव्हती.

“हिरव्याच पाहिजेत,” ती हट्टाने म्हणाली. “लई न्हाईत. शेपटीपुरत्या.”

शेजारी पुट्टीची पिशवी खांद्यावर घेऊन एक तरुण उभा होता. तो हसला. “काचेचा पोपट? आजून लावतेत व्हय कोणी?”

“लावतेत. ज्याच्या आईनं केलंय ते लावतेत. तुमाला काय करायचंय अण्णा?”

त्याचं हसू मावळलं. त्याने पिशवी खाली ठेवली, हात झटकले. पांढरी धूळ उडाली. त्याच्या पापण्यांवरसुद्धा पांढरी धूळ होती, हे मनीषाला उगाचच दिसलं.

“तसं न्हाई... माझ्या आईनं बी केलतं तोरण. बदकांचं. चोच तुटली म्हणून एक बदक मी फेकून दिलो.”

“पाप लागंल.”

“लागलंच की! आता गावोगावचे पोपट मलाच काढावे लागायलेत.” त्याने पिशवी पुन्हा खांद्यावर घेतली आणि दुकानाच्या पायरीवर थांबला. “आन एक... अण्णा म्हणू नका.”

“कामून?”

“सगळं आळंद म्हणतंय. एकानं तरी म्हणू नये.”

तो गेला. मनीषा शेपूट नसलेला पोपट छातीशी धरून उभी राहिली. दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला होता, आणि तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. गावोगावचे पोपट म्हणजे काय, हे मात्र तिला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

निंबर्ग्यात त्यांचं घर. आजोबांपर्यंत मेंढरं होती. अप्पांनी, म्हणजे इरप्पांनी, मेंढरं सोडली आणि तुरीचं रान धरलं. घर अप्पांनी बांधलं, पण सजवलं ते आईने. कमलम्मा जाऊन सहा वर्षं झाली तरी घर तिच्याच हातचं होतं. हिरव्या भिंतींवर स्पंजाने उठवलेली पिवळी फुलं. शोकेसमध्ये प्लास्टिकचे गुलाब आणि लोकरीची बाहुली. टीव्हीवर क्रोशाचं झाकण. टीव्ही चपटा झाल्यापासून ते दिवसातून चारदा घसरायचं, आणि जगदेवीआत्या चारदा ते परत ठेवायची. हॉलच्या अख्ख्या भिंतीवर धबधब्याचं पोस्टर होतं, धबधब्याशेजारी लाल कौलांचा कुठलासा परदेशी बंगला. मनीषाला लहानपणी वाटायचं, तो बंगला बेंगळुरात असणार. पुढे दादा, रविकुमार, खरंच बेंगळुरात नोकरीला गेला आणि तसला बंगला काही कोणाला दिसला नाही. छतावरची पीओपीची गोल फुलं आणि निळे-गुलाबी दिवे ही मात्र दादाचीच हौस. दहा वर्षांपूर्वी ते बघायला अर्धं गाव आलं होतं. आता फोनवर त्याला त्याचीच लाज वाटत होती.

“आत्या, ते म्युझियम काढून टाका सगळं. ग्रे आणि व्हाइट करून घ्या. साधं. आता तेच चाललंय.”

“राखंचा रंग भितीला? घर हाय का चूल?” आत्या म्हणाली. पण दादाचा शब्द म्हणजे शब्द. रंगाच्या कामाच्या बाराव्या दिवशी मनीषाचा साखरपुडा होता. सोलापूरचं स्थळ, मुलगा पुण्यात. मनीषाने फोटो बघितला होता. चांगला होता मुलगा. वाईट असता तर निदान एक कारण मिळालं असतं.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी दारात शिडी टेकल्याचा आवाज आला, आणि मनीषा बाहेर आली तर तोच! पापण्या मात्र आज काळ्या होत्या.

“पोपटवाल्या तुमीच व्हय?” तो म्हणाला, आणि दोघांनाही हसू आवरेना.

राजपाल त्याचं नाव. कडगंचीचा. मनीषा दोन वर्षं रोज कडगंचीच्या युनिव्हर्सिटीत एम.ए.ला जायची, आणि ज्या स्टँडवर ती उतरायची त्याच स्टँडवर तो कामाला जाण्यासाठी गाडीची वाट बघायचा. दोन वर्षं! एकदाही नजर पडली नव्हती. नशीबही कधीकधी कामचुकारपणा करतं, आणि मग नको त्या वेळी कामावर हजर होतं.

आत येता येता तो थबकला. दाराच्या वर, भिंतीवर, लाल ऑइलपेंटने कन्नडमध्ये तीन अक्षरं लिहिलेली होती. अक्षरं वेडीवाकडी, पण ठसठशीत.

“काय लिवलंय?”

“वाचा की.”

“मी मराठी मीडियमचा. कन्नड बोलतो घडाघडा, वाचताना अडतो.”

“नाळे बा,” मनीषा म्हणाली. “मी पाळण्यात व्हते तवा भूत हिंडायचं म्हणे गावात. घरच्या माणसाच्या आवाजात हाक मारायचं, दार उघडलं की माणूस गेला. मग सगळ्यांनी दारावर लिहिलं, उद्या ये. भूत वाचायचं, परत जायचं. दुसऱ्या दिवशी आलं की परत तेच. उद्या ये. आईनं लिवलंय हे.”

“आन भूत मराठी मीडियमचं आसलं तर?”

“तर...?”

“तर ते आत येतंय,” तो म्हणाला. चपला काढून त्याने उंबरा ओलांडला, आणि ओलांडताना तिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. पण मनीषा दिवसभर स्वयंपाकघरात मिठाचा डबा शोधत होती, आणि डबा तिच्याच हातात होता.

चार वाजता आत्याने त्याला काचेच्या कपात चहा दिला. शेजारी वायरिंगचं काम करणारा शिवय्या बसला होता, त्यालाही दिला. आत्याला माणसांची चौकशी केल्याशिवाय चहा गोड लागत नसे.

“कडगंचीत घर कुठं म्हणायचं तुमचं?”

“विहाराजवळ,” राजपालने सरळ सांगितलं. “रामराव मास्तरांचा मुलगा मी.”

“आसं... आसं...” आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता शिवय्याला काचेचा कप आला आणि राजपालला कागदी. आत्याने किराण्यातून अख्खं पाकीट आणवलं होतं. “धुवायचा ताप न्हाई,” ती मनीषाकडे न बघता म्हणाली. काचेचे कप शोकेसमध्ये ओळीने बसले होते, आणि शिवय्याचा कप आत्याने आपल्या हाताने विसळून त्यांच्यात ठेवला.

मनीषाने ते बघितलं. राजपालनेही बघितलं. आणि दोघांनी बघितलं हे दोघांनाही कळलं. तो चहा प्यायला, कप विसळला आणि आपल्या ब्रशांच्या पिशवीत ठेवला. रंग कालवायला असेल, असं मनीषाला वाटलं. त्या दिवसापासून रोज चार वाजता एक नवा कप त्या पिशवीत जाऊ लागला.

आत्या मनीषाला बजावून गेली, “त्याला अण्णा म्हणत जा, भावासारखा.” मनीषा त्याला काहीच म्हणेनाशी झाली. काहीच न म्हणता ती त्याच्या कामाच्या आसपास शंभर कामं काढायची. शोकेस रिकामं करायला दोन दिवस लावले. एकेक प्लास्टिकचा गुलाब धुतला, जणू त्याला वास येणार होता.

“ही पिवळी फुलं,” स्पंजाची भिंत घासता घासता तो एकदा म्हणाला, “दहा वर्सांपूर्वी मी शंभर घरांत काढली. नवीनच शिकलो व्हतो. लोक बोलवून न्यायचे. आता तीच मी खरवडायलोय. माझ्याच हातचं मीच.”

“वाईट वाटत न्हाई?”

“वाटतंय की. पण पुन्यांदा येतंय बगा सगळं. ही तुमची ग्रे बी दहा वर्सांत खरवडीन मी.”

“मंग यायलाव का दहा वर्सांनी?” तिच्या तोंडून गेलं.

पॉलिश पेपरचा आवाज थांबला. “बोलवणार कोण?” तो हळूच म्हणाला. “तुमी तर पुण्याला...”

मनीषा उठून आत गेली. मोरीत उभी राहून तिने तोंडावर पाणी मारलं, एकदा, दोनदा, तीनदा. तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि कुठलं आधी येऊ द्यावं हे काही केल्या ठरेना.

सहाव्या दिवशी अवकाळी आला. तुरीची खळी झाकायला अप्पा आणि आत्या रानात धावले. शिवय्याचं काम आदल्या दिवशीच संपलं होतं. भिंतींना ओल, रंग वाळेना. राजपाल ओसरीवर बसून राहिला. मनीषाने चहा आणला, कागदी कपातच. काचेचा कप हातात घेतला होता तिने, मग आत्या मोजून ठेवते हे आठवलं आणि परत ठेवला. स्वतःची तिला इतकी लाज वाटली, की कप पुढे करताना तिचे डोळे भरून आले.

“राहू द्या हो,” तो म्हणाला. “आमच्या आज्याला गोठ्याच्या कोनाड्यात कान तुटलेला कप ठेवलेला आसायचा, तिथून घ्यायचा, धुऊन तिथंच ठेवायचा. आता हे. ह्याची बी नवीन फॅशन निघाली. पोपट जुना झाला, धबधबा जुना झाला... हे एकच जुनं व्हईना बगा.”

मनीषाने त्याच्या हातातला कप घेतला. त्याने एक घोट घेतलेला होता. तिने दुसरा घेतला आणि कप त्याच्या हातात परत दिला. पाऊस पत्र्यावर बडवत होता. राजपाल कपाकडे बघत राहिला... मग तिचे ओठ टेकले होते तिथेच त्याने ओठ टेकले आणि चहा संपवला.

“मनीषा,” तो पहिल्यांदाच नुसतं नाव घेऊन म्हणाला. “काम संपलं की मला हैदराबादला जायचंय. चार महिन्यांचं काम हाय. तू म्हणलीस तर... जात न्हाई.”

“काय म्हणू?”

“मला तू पाहिजेस म्हण. मी तर म्हणून टाकलो. आता तुझं.”

“मला...” ती म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि मान हलवली. किती जोरात हलवली, ते तिचं तिला कळलं नाही. तो हसला. असा हसला, की त्या ओल्या भिंतींवर ऊन पडल्यासारखं झालं.

“तुझ्या अप्पाशी बोलतो मी. आजच.”

“नको! आधी मी बोलते. तुमी एकदम बोललाव तर... दादा हाय, आत्या हाय... मी सांगते आधी. उद्या.”

“बरं.” त्याने दारावरच्या अक्षरांकडे बोट केलं. “हे पुसायला सांगितलंय तुझ्या भावानं. मी शेवटाला ठेवलंय. ज्या दिवशी तू अप्पाला सांगशील, त्या दिवशी मला म्हण, पूस. मी पुसतो आन सरळ आत येऊन अप्पापुढं बसतो. ठरलं?”

“ठरलं.”

दुसऱ्या दिवशी शिडीवरून त्याने भुवया उडवल्या. “पुसू?”

“नाळे,” ती खिडकीतून म्हणाली आणि हसत पळाली.

तिने प्रयत्न केला नाही असं नाही. जेवताना अप्पांसमोर बसली, “अप्पा” म्हणाली, आणि अप्पा म्हणाले, “तूर भिजली गं थोडी, पण वाळंल.” ती म्हणाली, “वाळंल.” संपलं. त्याच्या पुढच्या दिवशी अप्पा नवं धोतर अंगाला लावून बघत होते, साखरपुड्यासाठी. सहा वर्षांत पहिल्यांदा नवं धोतर. “अप्पा” म्हणून तिने धोतराची घडी घालून दिली.

“पुसू?”

“नाळे.”

आठव्या दिवशी तो हसला. नवव्या दिवशी नाही हसला. दहाव्या दिवशी त्याने विचारलंच नाही, फक्त वर बघितलं आणि मग तिच्याकडे. तिने मान खाली घातली. घर एव्हाना करडं झालं होतं. धबधबा निघाला, फुलं निघाली, बाहुली माळ्यावर गेली. तोरणही माळ्यावर गेलं. खोल्यांत बोललं की आवाज घुमायचा.

“मनीषा,” हौदापाशी ब्रश धुताना तो हलक्या आवाजात म्हणाला, “भुताला कोणी ‘येऊ नको’ म्हणत न्हाई बघ. ‘उद्या ये’ म्हणतेत. रोज. भुताला वाटतंय, उद्या खरंच दार उघडंल. तुझं उद्या तसलं तर न्हाई?”

“न्हाई हो!” ती कळवळून म्हणाली. “खरंच न्हाई. उद्या... उद्या नक्की.”

अकराव्या दिवशी सकाळी दादा आला.

घर बघून खूश झाला. भिंतींवर हात फिरवला, फोटो काढले, बेंगळूरला कोणाकोणाला पाठवले. अप्पा बाजेवर बसले होते, आत्या तांदूळ निवडत होती, शेजारच्या दोन बायका साखरपुड्याची तयारी बघायला आल्या होत्या. राजपाल शिडीवर चढला. सगळं झालं होतं. दारावरची तेवढी अक्षरं राहिली होती.

त्याच्या एका हातात रंग खरवडायची पत्ती होती, दुसऱ्या हाताचं बोट त्याने अक्षरांवरून फिरवलं. हळूहळू, पहिलीतल्या मुलासारखं, त्याने वाचलं, “ना... ळे... बा.” मग तो वळला. त्याने दादाकडे बघितलं नाही, अप्पांकडे बघितलं नाही.

“पुसू का ठेवू?” त्याने मनीषाला विचारलं.

“पूस की! तिला काय इचारायलास?” दादा म्हणाला.

राजपाल हलला नाही. “तुमच्या आईचं अक्षर हाय. तुमी सांगा,” तो मनीषालाच म्हणाला. त्याचा आवाज साधा होता, कामाचा होता. पण पत्ती त्याने अजून अक्षरांना लावली नव्हती.

सगळे तिच्याकडे बघत होते. एक शब्द होता. दोन अक्षरांचा. ‘पूस.’ तो म्हटला की राजपाल खाली उतरणार होता, हात धुणार होता आणि ह्या सगळ्यांसमोर अप्पांपुढे बसणार होता. दादाच्या कपाळावरची शीर मनीषाला दिसली. आत्याच्या सुपातला हात थांबलेला दिसला. शेजारणींचे वाट बघणारे डोळे दिसले. भित्री होती ती. ह्याला दुसरं नाव नाही आणि ती स्वतःही कधी दुसरं नाव देणार नव्हती.

“राहू द्या,” मनीषा म्हणाली.

क्षणभर तो तसाच उभा राहिला. त्याला वाटलं असेल, ती पुढे आणखी काही बोलेल.

“आईची आठवण काढायलीय येडी,” दादा हसून म्हणाला. “राहू दे मग. भोवतीनं ग्रे मार.”

राजपालने अक्षरांच्या भोवतीने रंग दिला. अगदी जपून, लहान ब्रशने, एकाही अक्षराला धक्का न लावता. त्याला दोन तास लागले. चार वाजता चहा आला, कागदी कपात. तो प्यायला, कप विसळला. मग शिडी खांद्यावर घेतली, अप्पांना नमस्कार केला आणि गेला. फाटकापाशी मनीषा उभी होती. तिला वाटलं, तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

“चांगली राहा,” तो म्हणाला. “ओसरीत काम ठेवलोय तुझं.”

काम? ती धावत ओसरीवर आली. खिडकीच्या कट्ट्यावर कागदी कप होते, एकात एक घातलेले, दहा. सगळ्यांत वरचा भरलेला होता. हिरव्या काचनळ्या. जुन्या, थोड्या दोऱ्याच्या तुकड्यांसकट. कुठून आणल्या, हे तिला सांगायला कोणी नको होतं. त्याच्या आईच्या तोरणातलं उरलेलं दुसरं बदक त्याने उसवलं होतं.

मनीषा तिथेच मटकन बसली. किती वेळ रडली, कोण जाणे. रडणं थांबलं तेव्हा तिच्या अंगातली भीतीही थांबली होती. आधी थांबायला काय झालं होतं तिला? दिवे लागायच्या वेळी तिने स्टूल ओढलं, विळा घेतला आणि दारावरची अक्षरं खरवडायला लागली. ऑइलपेंट पंचवीस वर्षांचा. निघता निघेना. लाल कपच्या तिच्या केसांत पडत होत्या, नवा करडा रंगही सोलून येत होता. शेवटी, रात्र झाली तेव्हा, तिथे एक पांढरा, ओबडधोबड चट्टा उरला. तिने राजपालला फोन लावला.

“तुम्ही कॉल केलेला नंबर सध्या बंद आहे,” बाईने गोड कन्नडमध्ये सांगितलं. “कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा.”

तिने परत लावला. परत तीच बाई, तोच गोडवा. नाळे बा, दुसरं काय म्हणत होती ती?

“पुसलीस?”

मागे अप्पा उभे होते. चट्ट्याकडे बघत होते.

“व्हय अप्पा,” मनीषा स्टुलावरूनच म्हणाली, आणि मग थांबली नाही. “मला हे लगीन नको. मला राजपाल पाहिजे. तो पेंटर. मला सांगायचं व्हतं, रोज सांगायचं व्हतं...”

अप्पांनी तिला हात देऊन स्टुलावरून खाली उतरवलं. मग बाजेवर बसले. “मला दिसत व्हतं गं,” ते म्हणाले. “तू ‘अप्पा’ म्हणायचीस आन गप बसायचीस. मला वाटायचं, आज बोलंल. तुरीचं काढून बघितलो, धोतराचं काढून बघितलो. तू बोललीच न्हाईस.”

“मंग तुमी व्हय म्हणला आसता?”

“काय म्हणलो आसतो, मला बी ठाव न्हाई.” त्यांनी कपाळावरून हात फिरवला. “आता पाहुणे सोलापुरातून पहाटं निघायलेत. रवी झोपलाय. आता नको बाळा. उद्या बोलू.”

उद्या. मनीषा हसली. खरंच हसली, मोठ्याने, आणि अप्पा घाबरून तिच्याकडे बघत राहिले.

सकाळी तिने आत्याने दिलेली साडी नेसली. माळ्यावरून तोरण काढलं, हिरव्या नळ्या ओवून पोपटाला शेपूट केली आणि तोरण त्या चट्ट्यावर टांगलं. दादाने कपाळाला हात लावला, पण वेळ नव्हता. आत्याने शोकेसमधले काचेचे कप काढून पुसून ठेवले. मनीषाने आणखी एकदा फोन लावून बघितला. अप्पा नव्या धोतरात ओसरीवर उभे होते. बोलायचं होतं दोघांना, आणि दोघंही फाटकाकडे बघत होते.

बरोबर दहा वाजता गाडी थांबली. दार सताड उघडं होतं, वर ‘नाळे बा’ नव्हतं, पोपटांमधलं ‘स्वागतम्’ होतं. पाहुणे आत आले.